पुस्तकं चार, मतं पाच, आणि उजवा हात दुखतोय (पियानो)

सहकारनगरचा_पेटीवाला

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

वय एकसष्ट. टेलिफोन खात्यात केबल जोडण्यात नोकरी संपली. पेटी मात्र बाराव्या वर्षापासून. आधी आळीतलं भजनी मंडळ, पुढे नाट्यसंगीताच्या स्पर्धा, आणि कुणाचा पेटीवाला आयत्या वेळी आला नाही की हक्कानं मला फोन. दीड वर्षापूर्वी लेक जर्मनीला गेली आणि तिचा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो इथेच राहिला. विकायला काढला तर लोक भंगाराच्या भावानं मागायला लागले. म्हटलं, मग मीच वाजवतो.

क्लासही लावला होता. शिकवणारा मुलगा गुणी, पण बाकीची सगळी सातवी-आठवीतली, परीक्षेच्या ग्रेडच्या मागे लागलेली. माझ्या हाताकडे बघायला त्याला सवड नव्हती. "काका, तुम्हाला तर सूर येतातच," म्हणून तो पुढच्या धड्यावर जायचा. सूर येतात हो, हात येत नाही! दोन महिन्यांत सोडला.

मग पुस्तकांच्या मागे लागलो. जुन्या बाजारात एका रविवारी हॅननचं व्यायामाचं पुस्तक मिळालं, चाळीस रुपयांना. शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे साठ व्यायामांतले माझ्या वाट्याला बावन्नच आले. लेकीनं तिकडून दोन पाठवली, लेविनचं छोटंसं आणि शांडोरचं जाडजूड. चौथं चँग नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाचं, ते इंटरनेटवर फुकट आहे. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून स्पायरल करून घेतलं.

आता गंमत बघा. हॅनन १८७३ चा. तो म्हणतो बोटं उंच उचला, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) ६० वरून चढवत १०८ वर न्या, आणि सगळं पुस्तक रोज तासाभरात वाजवून काढा. लेविन १९२४ चा. तो म्हणतो बोटाच्या टोकाऐवजी मागच्या गुबगुबीत भागानं पट्टी घ्या, मनगट सैल ठेवा, म्हणजे आवाज गातो. शांडोर १९८१ चा, बार्टोक या हंगेरियन संगीतकाराचा शिष्य. तो सगळं वादन पाच हालचालींत बसवतो, आणि पहिली कुठली तर हात वरून नुसता पडू द्यायचा. चँगसाहेब म्हणतात हॅनन बाजूला ठेवा, वेळ फुकट जातो. शिवाय रोज रात्री यूट्यूबवर कुणीतरी नवीन भेटतं आणि आदल्या दिवशीच्याला चूक ठरवतं.

मी काय केलं असेल? सगळंच. सकाळी देवपूजा झाली की बोटं उंच. दुपारी गुबगुबीत भाग. संध्याकाळी हात वरून पाडणे. आमची ही म्हणाली, "एकाच दुखण्यावर ॲलोपथी, होमिओपथी आणि काढा एकदम घेतल्यासारखं चाललंय तुमचं."

महिना झाला, उजव्या हाताच्या कोपराखाली बाहेरच्या बाजूनं दुखतंय, आणि मनगटात करंगळीच्या अंगाला. डावा अजिबात दुखत नाही, कारण तो काही करतच नाही. एकोणपन्नास वर्षं भाता मारलाय त्यानं, बोटं आहेत हेच त्याला ठाऊक नाही.

तर प्रश्न असा: यातलं कुठलं पुस्तक धरायचं आणि कुठली रद्दीत घालायची? "गुरूशिवाय विद्या नाही" हे मला माहीत आहे, ते सोडून सांगा.

उगाच_एक

गुरूशिवाय विद्या नाही.

खांदा_ते_बोट

काका, मी फिजिओथेरपिस्ट आहे. पियानोतलं मला ओ की ठो कळत नाही, हाताचं थोडं कळतं. न तपासता निदान करणार नाही, पण आधी सांगा: मुंग्या येतात का? रात्री दुखण्यानं जाग येते का? बाटलीचं झाकण फिरवताना पकड सुटते का? यातलं एकही "हो" असेल तर पुस्तकं मिटा आणि डॉक्टरांना दाखवा.

नसेल तर एक करून बघा. डाव्या हातानं उजव्या कोपराखालचा भाग मुठीत धरा आणि उजवी बोटं पेटीवर नाचवतात तशी नाचवा. मुठीत काय हललं? बोटांमध्ये म्हणावेत असे स्नायूच नाहीत. काही छोटे तळहातात आहेत, बाकी मोठे सगळे कोपर ते मनगट या पट्ट्यात, आणि तिथून कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे पट्टे) दोऱ्यांसारख्या बोटांपर्यंत येतात. बोट उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या अंगाला सुरू होतात. तुम्ही रोज सकाळी तासभर बोटं उंच उचलता आणि दुखतंय नेमकं तिथेच.

अजून एक. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट दुमडून आत घ्या आणि अनामिका उचलून दाखवा. नाही उचलत ना? तिच्या कंडरा शेजारच्या कंडरांना बांधलेल्या असतात. हा तुमचा दुबळेपणा नाही, ती रचनाच तशी आहे. तिला करंगळीसारखं सुटं नाचवायचा हट्ट धरला तर हात भांडतो. शूमान नावाचा मोठा संगीतकार होता, त्यानं तरुणपणी उजव्या हाताचं बोट कायमचं बिघडवून घेतलं. बोटासाठी तो काही यंत्रही वापरायचा म्हणतात.

आणि वाद्य कशावर ठेवलंय? बसता कशावर? फोटो टाका.

सहकारनगरचा_पेटीवाला

मुंग्या नाहीत, झोप उत्तम, लोणच्याची बरणी अजून मीच उघडतो. अनामिका खरंच उचलली नाही! हिला, वॉचमनला आणि दूधवाल्याला करायला लावलं, कुणाचीच उचलली नाही. बरं वाटलं.

पियानो जेवणाच्या टेबलावर आहे. बसतो जेवणाच्या खुर्चीवर. फोटो टाकत नाही, मागे धुतलेले कपडे वाळत घातलेत.

खांदा_ते_बोट

जेवणाचं टेबल साधारण पाऊण मीटर उंच. त्यावर पियानोची जाडी. म्हणजे तुमच्या पट्ट्या जवळजवळ छातीशी आल्या. कोपरं खाली, खांदे वर चढलेले आणि मनगट कडेखाली लोंबकळतंय. असं आहे की नाही?

सहकारनगरचा_पेटीवाला

तुम्ही आमच्या खिडकीतून बघताय का?

चौथा_मजला_बाणेर

मीसुद्धा पुस्तकांवरच शिकतेय, पाच वर्षं झाली. आयटीत आहे, रात्री अकरानंतर हेडफोन लावून वाजवते.

पहिली दोन वर्षं माझीही हीच गत होती. मग ठरवलं, पुस्तक कादंबरीसारखं वाचायचं नाही. एक परिच्छेद घ्यायचा आणि आठवडाभर त्याचंच एक वाक्य एका छोट्या तुकड्यावर घासायचं, चार मात्रांच्या. मोबाइल स्टँडवर लावून बाजूनं चित्रण करायचं, वरून नाही. वरून फक्त बोटं दिसतात. बाजूनं मनगट, कोपर, खांदा, मान सगळं दिसतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं मी एकदम सैल बसलेय. प्रत्यक्षात खांदे कानाला टेकले होते आणि मी ओठ चावत होते.

आठवड्यानंतर तो तुकडा सोपा झाला नाही तर ते वाक्य माझ्यासाठी नव्हे. वहीत तारीख टाकते आणि पुढे जाते. कधीकधी वर्षानं तेच वाक्य परत वाचलं की डोक्यात प्रकाश पडतो. शांडोरचं "पडू द्या" मला तीन वर्षांनी कळलं, तेही पियानोवर नाही, ऑफिसच्या बसमध्ये झोप लागल्यावर हात मांडीवरून घसरला तेव्हा.

उगाच_एक

पुण्यात पियानो शिकायचा तर मुख्य तंत्र एकच: दुपारी एक ते चार वाजवू नये.

कॅम्पातली_टीचर

नमस्कार. पस्तीस वर्षं पियानो शिकवते. माझं मराठी घरात शिकलेलं नाही, शाळेतलं आणि बाजारातलं आहे, सांभाळून घ्या.

काका, तुमच्या पुस्तकांत भांडण आहे असं तुम्हाला वाटतं, कारण तुम्ही ती एकाच दिवशी वाचताय. प्रत्येक लिहिणाऱ्याच्या समोर कुठला तरी विद्यार्थी बसलेला होता. हॅननच्या समोर कुणाची बोटं लुळी असणार. लंडनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅथे नावाचे शिक्षक होते. त्यांच्याकडे बोटं उंच उचलून ताठ झालेली मुलं यायची, म्हणून त्यांनी हाताचं वजन आणि कोपरापुढच्या हाताचं फिरणं यावर जाडजाड पुस्तकं लिहिली. किल्ली कुलपात फिरवतो तशी हालचाल, पण इतकी बारीक की बरीचशी बाहेरून दिसतच नाही. त्यांची भाषा मात्र अशी की एक पान वाचलं की क्रोसिन लागते. औषधाची चिठ्ठी दुसऱ्याची असेल तर औषध चांगलं असूनही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, पुस्तकात लिहिणाऱ्याला काय जाणवतं ते असतं. हात खरं काय करतो ते वेगळं असू शकतं. अमेरिकेत ऑर्टमन यांनी पियानोवाल्यांच्या हालचाली प्रयोगशाळेत मोजल्या आणि १९२९ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. पूर्ण सैल हातानं वाजवता येतच नाही, स्नायू काम करतातच. "सैल सोडा" हा वाजवणाऱ्याचा अनुभव आहे, त्याला शब्दशः धरलं तर हात भाजीच्या पिशवीसारखा लोंबतो.

आता तुमचं स्वतःचं दुखणं. मला वाटतं ते पेटीतून आलंय. पेटीत पट्टी दाबली की झडप उघडते आणि हवा जाते तोवर सूर राहतो. लहानमोठा आवाज भात्यावर. पट्टी कशी दाबली याला किंमत नाही, दाबून ठेवली याला आहे. पियानोत उलटं. पट्टी साधारण एक सेंटिमीटर खाली जाते, आणि तळाला पोचायच्या जरा आधी आतला हातोडा सुटतो. पुढचा प्रवास तो एकटा करतो, तारेवर आपटून मागे येतो. तुमच्या बोटाचा त्याच्याशी संबंध संपला. त्यानंतर कितीही जोर लावा, सुराला कळत नाही. पट्टी वर येऊ नये इतकं बोट टेकलेलं असलं की पुरे. तुमच्या डिजिटलमध्ये तार नाही, पण पट्टी किती वेगानं गेली तेवढंच तोही मोजतो.

तुम्ही दाबून धरता का? माझ्याकडे आलेले सगळे पेटीवाले धरतात.

सहकारनगरचा_पेटीवाला

टीचर, तुमचा प्रतिसाद वाचला आणि रात्री साडेनऊला स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. केबलवाला माणूस, मोजल्याशिवाय विश्वास बसत नाही.

आधी पट्टीवर दहाची नाणी रचली, अगदी पुढच्या कडेला. एक नाणं ७.७१ ग्रॅमचं. सात नाण्यांवर पट्टी हळूच खाली बसली. म्हणजे ५४ ग्रॅम! पोहे खायच्या चमच्याएवढं वजन! मग एकेक नाणं काढत गेलो. तीन काढली तरी पट्टी खालीच. चौथं काढलं तेव्हा वर आली.

मग काटा टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि त्यावर एक सूर "धरला", जसा मी पियानोवर धरतो तसा. हिला आकडा वाचायला सांगितलं. नऊशे चाळीस.

"काय?"

"नऊशे चाळीस ग्रॅम. चुकलं असेल, परत करा."

परत केलं. एक हजार दहा. जिथे तीस-चाळीस ग्रॅम पुरतात तिथे मी किलोभर बटाटे ठेवून बसतो, आणि तेही एकेका बोटाखाली. चार बोटं एकदम असली तर काय होत असेल याचा हिशोब केला नाही.

आणि हे मला चारही पुस्तकांत दिसलं नव्हतं. काल लेविन परत उघडला तर आवाज कसा गातो त्यावर पानंच्या पानं आहेत, मी ती पेटीवाल्याच्या डोळ्यांनी वाचली होती. "गातो" म्हटलं की मला धरून ठेवणंच सुचतं. आमचे गुरुजी म्हणायचे, "सुराला सोडू नकोस रे." भजनात टाळ-मृदंगाच्या गदारोळात सूर सोडला तर बुवा वळून बघायचे. ती नजर अजून मानेत बसलीये.

खांदा_ते_बोट

वजनकाट्याची कल्पना मी क्लिनिकमध्ये चोरणार आहे. परवानगी गृहीत धरते.

मनगटातल्या करंगळीच्या बाजूचं राहिलं. कोपर बरगडीला चिकटवून हात पोटासमोर आणला आणि बोटं पट्ट्यांना सरळ ठेवली की मनगट करंगळीकडे वळलेलं राहतं. पेटीपुढे मांडी घालून बसताना तेच होत असणार. खुर्ची वीतभर मागे घ्या, कोपरांना बरगडीपासून सुटून पुढे जायला जागा द्या. आणि पंधरा दिवस हॅनन बंद, पूर्ण बंद.

सहकारनगरचा_पेटीवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय.

सुताराला स्टँड सांगितलाय, तो "उद्या" देतो म्हणतोय. तोवर खुर्चीवर दोन पाट ठेवून बसलो. कोपरं पट्ट्यांच्या बरोबरीला आली पण पाय लोंबकळायला लागले, आणि पाय लोंबकळले की कंबर धरते. मग पायाखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांचा गठ्ठा घेतला. पेडलवर पाय पोचत नाही, पण पेडलपर्यंत अजून मीच पोचलेलो नाही.

रोज वीस मिनिटं, त्यातली पहिली पाच काट्यावर. आता डोळे मिटून शंभराच्या आत आणता येतं. पण गंमत अशी की सोपा तुकडा असला तर शंभर, अवघड जागा आली की परत किलो. म्हणजे हात घाबरला की धरतो.

कोपराचं दुखणं बरंच उतरलंय. मनगटाचं आहे थोडं.

टीचर, एक विचारायचं होतं. हॅनन बंद तर मग बोटांना रोज काय द्यावं? आणि सगळे व्यायाम पांढरी एकपासूनच (इंग्रजीतला C) का? पेटीवर मी काळी चार-काळी पाचला जास्त मजेत असतो.

कॅम्पातली_टीचर

हा प्रश्न विचारलात म्हणून खूश झाले. शोपँ, पियानोसाठीच लिहिणारा मोठा संगीतकार, आपल्या विद्यार्थ्यांना पांढरी एकपासून सुरू करू द्यायचाच नाही! वाचायला सगळ्यात सोपी असली तरी हाताला तीच सगळ्यात अवघड असं त्याचं मत. तुमच्या भाषेत सांगते. उजवा अंगठा पांढरी तीनवर, पुढची तीन बोटं काळी तीन, काळी चार, काळी पाचवर, करंगळी पांढरी सातवर. आता हाताकडे बघा. लांब बोटं उंच पट्ट्यांवर, आखूड दोन्ही खाली. हात न ताणता आपोआप घुमटासारखा होतो. त्यानं पहिली सप्तक-सरगम शिकवायची ती पांढरी सातला सा धरून, कारण त्यात पाचही काळ्या येतात. पांढऱ्या सपाट मैदानावर बोटांना मुरडून सारखं करावं लागतं, इथे नाही.

तेव्हा हॅननऐवजी रोज ही पाच सुरांची जागा. सावकाश, हातोडा सुटला की बोट लगेच हलकं. डाव्यासाठी त्याच्या करंगळीपासून आरशासारखं शोधा, तुम्हाला सापडेल. डाव्याला भात्याची सवय आहे म्हणता ना? भात्याला बोटं नसली तरी श्वास असतो. आवाज लहान-मोठा करायची जाण तुमच्या डाव्या हातात आहे, उजव्यात नाही. आधी डाव्यानं वाजवा आणि उजव्याला त्याची नक्कल करायला लावा.

आणि इथे कॅम्पात माझदा हॉलला पियानोचा कार्यक्रम असला की या. डावीकडे बसा, हात दिसतात. बोटांकडे बघू नका, कोपरांकडे बघा.

चौथा_मजला_बाणेर

बाप रे. पांढरी तीन, काळी तीन... हे वाचून मी आत्ता ऑफिसच्या टेबलावर हात ठेवून बघितला. शेजारचा विचारतोय बरी आहेस ना.

सहकारनगरचा_पेटीवाला

केलं. डाव्यानं आधी.

टीचर, काय सांगू, डावा हात पाच सुरांत लहानाचा मोठा आवाज करून परत लहान करतो, सरळ भात्यासारखा. बोटं अडखळतात, मधलं आणि अनामिका एकदमच पडतात, पण फुगतो आणि ओसरतो बरोबर. उजव्याला एकोणपन्नास वर्षांत कुणी हे काम दिलंच नव्हतं. तो सगळे सूर एकाच मापाचे घालतो, रेशनच्या दुकानासारखे.

पुस्तकं चारही ठेवलीयेत, रद्दीत काही गेलं नाही. हॅनन सध्या पायाखालच्या गठ्ठ्यात आहे, उंचीला नेमका अर्धा इंच कमी पडत होता. शांडोरचं तिसरं प्रकरण वाचतोय, आठवड्याला एक परिच्छेद, बाणेरच्या ताईंच्या पद्धतीनं.

वजनकाटा मात्र काल परत ओट्यावर गेला. हिला करंज्यांचं सारण मोजायचं होतं. संध्याकाळी पाटांवर बसलो तर पांढरी पाचला खोबऱ्याचा कीस.

उगाच_एक

करंज्या कधी?